एका मात्रेचा सूड

माझ्याबद्दल लोक दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे ह्याला नाचगाण्यातलं कळतं आणि दुसरी म्हणजे हा माणूस खुनशी आहे. पहिलीबद्दल मतभेद असू शकतात, दुसरी शंभर टक्के खरी आहे. ज्या मुलींच्या पहिल्या कार्यक्रमावर मी फटकारे ओढले, त्यांच्या मुलींच्या पहिल्या कार्यक्रमावरही आता ओढून झाले आहेत. पहिल्या रांगेत मी दिसलो की नर्तकी विंगेत परत जाऊन देवाला दुसऱ्यांदा नमस्कार करतात, असं ऐकतो. ऐकून बरं वाटतं. मात्र हा खुनशीपणा मी पुण्यामुंबईत शिकलो असा एक समज आहे तो चूक आहे. तो मी म्हसावदला, आमच्या केळीच्या बागेत, विहिरीच्या काठावर बसून शिकलो, आणि त्याचा पहिला प्रयोग शहाद्याला भर दुपारी केला. तो प्रयोग माझ्यावर कसा उलटला हे आजवर मी कुणाला सांगितलं नाही, कारण ज्यांना कळलं होतं त्या तिघांपैकी एकानंही ते आपल्या हयातीत बाहेर फोडलं नाही. आता ते तिघंही नाहीत. तेव्हा आपणच आपली अब्रू काढलेली बरी.

आमचं घर गावाच्या शहाद्याकडच्या टोकाला होतं आणि मळा घरापासून हाकेच्या अंतरावर. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं. टुक्, टुक्, टुक्, असा त्याचा ठोका दिवसभर आमच्या घरात चालायचा. भाकरी थापताना, भांडणात, झोपेत, सगळीकडे तोच. आम्हाला तो ऐकू यायचा नाही, बंद पडला की मात्र ऐकू यायचा. माझे वडील, ज्यांना सगळं गाव बापू म्हणायचं आणि आम्हीही, त्यांना मात्र चालू असतानाही ऐकू यायचा. जेवताना त्यांचा घास मध्येच थांबायचा. मग म्हणायचे, “ठोका सुटी ऱ्हायना,” म्हणजे सुटतोय, आणि हात न धुता मळ्याकडे चालू लागायचे. आम्हाला कुणालाच काही वेगळं ऐकू आलेलं नसायचं. थोड्या वेळानं परत यायचे, हाताला काळं तेल, आणि उरलेली कळण्याची भाकरी तशीच खायचे. माझी फुई, म्हणजे बापूंची मोठी बहीण, ती आमच्याच घरी असायची, ती म्हणायची, “तुन्हं कान इंजिनमा ठीसन उना का रे भो? जेव ना आधी.” फुईच्या हातचे डुबुकवडे सोडून उठणारा माणूस तिला माणूस वाटत नसे. कढत आमटीत ती बेसनाचे वडे सोडायची आणि ते डुबुक डुबुक आवाज करत खाली जायचे. त्या आवाजावर माझा जन्मभर जीव आहे. एका मोठ्या नर्तकीच्या पदन्यासाला मी एकदा छापून “डुबुकवड्यांसारखा गोल” म्हटलं होतं. तिनं ती निंदा समजली आणि अजून माझ्याशी बोलत नाही. माझ्या हातून झालेली ती एकमेव शुद्ध स्तुती होती.

पेटी मी गावच्या भजनात शिकलो. कॉलेजला शहाद्याला जायला लागलो तेव्हा तिथे कुमुदबाई आलेल्या होत्या. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात, बदलीवर आलेले, आणि बाई स्वतः कथक नाचणाऱ्या, पुण्याच्या. त्यांनी घराच्या मागच्या खोलीत गुरुवार-रविवार वर्ग सुरू केला. अठरा मुली होत्या, बहुतेक बाजारपेठेतल्या मारवाडी दुकानदारांच्या, दोन-चार आमच्या गुजरांच्या. तबल्याला तळोद्याहून सुलेमानचाचा जीपनं यायचे. बाईंना हवा होता लेहरा धरणारा. लेहरा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्यावरच सगळं आहे. सोळा ठोक्यांचं, म्हणजे सोळा मात्रांचं, एक छोटं सुरेल वाक्य पेटीवर फिरवत राहायचं. तेच, तेच, तेच. नाचणारी वाटेल ते करते, तबलजी वाटेल ते करतो, पण पहिला ठोका, ज्याला सम म्हणतात, तो कुठे आहे हे दोघांनाही पेटी सांगते. पेटीवाला हलला की सगळे हलले. आणि इतकं असून कार्यक्रमाच्या शेवटी त्याचं नाव घ्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी मात्र गायला आलो होतो. माझ्या मते मी गवई होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी बाईंना न विचारता एक बंदिश म्हणून दाखवली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या. डोळे उघडून म्हणाल्या, “गळा चांगला आहे हिरा, पण आत अजून कापूस आहे. सरकी काढायची राहिलीय.” अठराच्या अठरा हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं जिनिंगवाल्यांच्या दोघी हसल्या, कारण सरकी काढणं हा त्यांच्या घरचा धंदा. मीही हसलो. घरी आलो, विहिरीवर इंजिनाशेजारी बसलो आणि त्याच्या ठोक्यावर, तीनतालात, बाईंना शिव्या घातल्या. सोळा ठोक्यांना शिव्या चौदाच भरल्या म्हणून दोन नव्या बनवल्या. आज मला वाटतं, माझी लय जी काही आहे ती रियाजानं नाही, त्या शिव्यांनी पक्की झाली.

तरी मी गेलो. दोन वर्षं गेलो. आणि एके दिवशी बाईंनीच सांगितलं की वर्गाचा मोठा कार्यक्रम होणार, बाजारातल्या धर्मशाळेच्या हॉलमध्ये, दुपारी तीनला, म्हणजे खेड्यावरच्यांना परतायला बस मिळेल. मुली नाचतील, शेवटी बाई स्वतः नाचतील. आणि सुरुवातीची वंदना मी म्हणायची. मी संध्याकाळच्या बसनं म्हसावदला उतरलो आणि घरी पोचेपर्यंत अर्ध्या गावाला सांगून झालं होतं. हिऱ्या शहाद्याले पहिले गाई ऱ्हायना, सगळ्यासना आधी. कार्यक्रमाच्या दिवशी ट्रॅक्टर कुणाला द्यायचा नाही असं बापूंनी सांगून टाकलं. ट्रॉलीत वीस माणसं येणार असं ठरलं. फुईनं ट्रंकेतली जांभळी साडी काढून उन्हात टाकली.

कार्यक्रमाला पंधरा दिवस असताना बाई पायात घुंगरू बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “हिरा, वंदना धुळ्याहून येणारी एक मुलगी म्हणेल. तू शेवटी ये. ते भैरवीतलं भजन दिलंय ना, ते घोटून ठेव.” इतकंच. पुढचं घुंगरू बांधायला लागल्या.

आता म्हसावदच्या माणसाला “शेवटी” म्हणजे काय वाटतं हे समजून घ्या. आमच्याकडे लग्नात पहिली पंगत मानाची. व्याही, मामा, पाहुणे, पोलीस पाटील. दुसऱ्या पंगतीला गाव. शेवटच्या पंगतीला वाढपी, भांडी घासणारे आणि उशिरा आलेले. तोवर दाळीत पाणी घालून झालेलं असतं आणि बट्टीचे फक्त तुकडे उरलेले असतात. नारळ पहिल्याच्या हातून फुटतो, टिळा पहिल्याला लागतो. शेवटी म्हणजे पाणचट दाळ. शिवाय शेवटी कोण थांबतं? निम्मे लोक बस पकडायला पळालेले, उरलेले चपला शोधत असतात. दोन महिने ते भजन बाई माझ्याकडून घासून घेत होत्या ती मला शिक्षाच वाटत होती. आता कळलं, ती ही पंगत होती. गावाला काय सांगू? वीस माणसं ट्रॉलीत बसून मला पहिलं बघायला येणार आणि तिथे धुळ्याची पोरगी बसलेली. मी घरी काहीच सांगितलं नाही. विहिरीवर जाऊन बसलो आणि तिथे इंजिनाच्या शेजारी मला सूड सापडला. फार साधा होता. बाई शेवटी स्वतः नाचणार. त्यात एक जागा अशी की सुलेमानचाचा तबला थांबवतात, बाई नुसत्या पायांनी बोलतात आणि खाली फक्त माझी पेटी चालते. तिथे मी सोळा ठोक्यांतला एक खायचा. चौदानंतर थेट सोळा. बाई त्यांच्या हिशेबानं समेवर पाय आपटतील तेव्हा सम निघून गेलेली असेल. भर सभेत, सगळ्या शहाद्यासमोर, बाई चुकतील. आणि पेटीवाल्याकडे कोण बघतं?

पण चूक करायलाही रियाज लागतो हे मला तेव्हा कळलं. हात इतके सवयीचे झाले होते की चौदानंतर पंधरा आपोआप यायचा. आठ दिवस मी विहिरीवर बसून, मांडीवर बोटं आपटत, मोठ्यानं मोजत होतो: “बारा, तेरा, चौदा, सोळा. एक, दोन.” एकदा बापू केळीच्या ओळीतून घड खांद्यावर घेऊन आले, उभे राहिले, दोन आवर्तनं ऐकली.

“पंधरा कोठे गया?” त्यांनी विचारलं.

“नवा ताल शे,” मी म्हणालो.

बापूंनी इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घड घेऊन निघून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी ट्रॉली वेळेआधी तासभर पोचली. आमची माणसं पहिल्या तीन रांगांत बसली, कारण आधी आलेल्यानं पुढे बसायचं हा आमचा न्याय. फुईच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा होता, बाईंसाठी. पडदा सरकला आणि धुळ्याची मुलगी गायला लागली. मी तिच्या मागे पेटी धरून बसलेलो, आणि तिच्या आलापापेक्षा स्वच्छ मला ऐकू आला तो आमच्या शेजारच्या रतनभाऊंचा आवाज. “हाई तं पोर शे. आपला हिऱ्या मांगे काब्र बसेल शे?” मी मागे का, ह्याला उत्तर म्हणून बापूंचं “गप बस” ऐकू आलं. मग कुणीतरी म्हणालं, “पेटी धरी ऱ्हायना ना, पाय बी धरी.” तिसऱ्या रांगेपर्यंत हसू गेलं. माझी जी काही दयामाया शिल्लक होती ती तिथे संपली. आजही, इतक्या वर्षांनी, हे लिहिताना माझे कान तापतात. रतनभाऊंच्या नातीनं मध्यंतरी नाचाचा वर्ग काढला. तिच्या कार्यक्रमाचं आमंत्रण टेबलावर पडून आहे आणि मी जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे.

मुली नाचल्या. मग बाई आल्या. त्या दिवशी त्या फार सुंदर नाचल्या हे मला मान्य करायलाच हवं, आणि ते मान्य करायला मला वीस वर्षं लागली. सुलेमानचाचांनी हात उचलले, तबला थांबला. बाईंचे पाय सुरू झाले. हॉलमध्ये फक्त घुंगरं आणि खाली माझी पेटी. मी तीन आवर्तनं इमानदारीनं दिली. चौथ्याला बारा, तेरा, चौदा, सोळा.

कुणालाही काही कळलं नाही. पंखे फिरत होते, मुलं रडत होती. सुलेमानचाचांची मान मात्र झटक्यात माझ्याकडे वळली. बाईंची वळली नाही. त्यांची तिहाई सुरू झाली होती. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा, मध्ये दोनदा क्षणभर थांबायचं, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर. ती मोजून बांधलेली असते, घराच्या भिंतीसारखी. त्यात एक वीट कमी झाली की भिंत पडणार. मी वाट पाहत होतो. पहिला तुकडा संपला, बाई थांबल्या, आणि नेहमीपेक्षा जरा लवकर निघाल्या. दुसरा संपला, थांबल्या, पुन्हा जरा लवकर निघाल्या. दोन्ही थांब्यांतली अर्धी अर्धी मात्रा त्यांनी कापली होती. तिसऱ्याचा शेवटचा पाय माझ्या पेटीच्या खोट्या समेवर असा पडला की सुलेमानचाचांचा हातही आपोआप त्याच क्षणी तबल्यावर पडला. टाळ्या वाजल्या. मी पेटी थांबवायला विसरलो. माझा चोरलेला ठोका त्या बाईनं पळता पळता उचलून परत जागेवर ठेवला होता, आणि तेही माझ्याकडे न बघता. सुलेमानचाचांनी खिशातली हातोडी काढली आणि जो तबला सुरातच होता त्याच्या गट्ट्यांवर, माझ्याकडे बघत, सावकाश ठोकू लागले.

मग बाई माईकपाशी गेल्या. श्वास लागलेला, कपाळावरून घाम. मी मनात तयारी केली की आता माझं नाव घेऊन सांगतील. त्यांनी माझं नावच घेतलं. “मैफल भैरवीनं संपते,” त्या म्हणाल्या, “आणि भैरवी नेहमी त्याच्याकडे देतात ज्याच्यावर सगळ्यांत जास्त भरवसा असतो. तिच्यानंतर दुसऱ्या कुणी गायचं नसतं. आज ती माझा लेहरा सांभाळणारा हिरालाल म्हणणार आहे. म्हसावदचा.”

“सांभाळणारा” हा शब्द त्यांनी ना जोरानं म्हटला ना हळू. पाठीमागच्या रांगांत शहाद्याचे दोन-तीन जाणते लोक बसले होते, ते सरसावून बसले. कुणीही चपला शोधत नव्हतं. तेव्हा मला कळलं की ह्या जगात मानाची पंगत शेवटची असते, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना माहीत असतं त्यांना ते सांगायची गोष्ट वाटत नाही. आजवर मी बरेच सूड पाहिले, काही स्वतः घेतले, छापूनही आणले. पण समोरच्याला त्याच्या लायकीपेक्षा जास्त देऊन घेतलेला असा सूड मी पुन्हा पाहिला नाही. मी गायलो. दोन महिने घोटलेलं भजन, त्याचं दुसरं कडवं मला आठवेना; मी पहिलंच तीनदा म्हटलं. आमच्या तीन रांगा खूश झाल्या. फुई रडली. रतनभाऊ सगळ्यांना सांगत होते, “एकच कडवं तीन दाव म्हनना पोऱ्या, असं साधं नई शे ते.” जाणते लोक उठून गेले.

बाईंचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. तीन गुरुवार मी गेलो नाही. चौथ्याला गेलो. बाईंनी ना विचारपूस केली ना राग दाखवला. पेटी काढायला गेलो तर म्हणाल्या, “राहू दे. आज तू नुसतं मोज. फक्त पंधरावा मोठ्यानं म्हण.” अठरा मुली नाचत होत्या आणि मी भिंतीला टेकून, दर सोळा ठोक्यांत एकदा, “पंधरा” म्हणत होतो. हे सहा महिने चाललं. मुलींनी माझं नावच “पंधरा” ठेवलं. परवा शहाद्याच्या स्टँडवर पांढऱ्या केसांची एक आजी दोन नातवंडांना सोडून रस्ता ओलांडत ओरडली, “अरे पंधरा.” जिनिंगवाल्यांच्या दोघींपैकी धाकटी. तिला आजवर माहीत नाही ते नाव कशाचं. यजमानांची बदली झाली तेव्हा बाई निरोप घेताना मला म्हणाल्या, “तू गाऊ नकोस, हिरा. लिही. मुद्दाम चुकता येणाऱ्याला दुसऱ्याची चूक लवकर सापडते.” हा सल्ला होता की शेवटचा फटका हे मला ठरवता आलेलं नाही. फटका समजून मी लिहायला लागलो, आणि चाळीस वर्षं त्यांच्यावरचा राग दुसऱ्यांवर काढत आलो.

पण त्या दिवसाची खरी सम ट्रॉलीत होती. आम्ही परत निघालो तेव्हा ऊन उतरत होतं. ट्रॅक्टर रतनभाऊ चालवत होते, मागे सगळे माझ्या गाण्याबद्दल बोलत होते आणि फुई, बाईंनी परत केलेला रिकामा डबा मांडीवर घेऊन झोपली होती. बाईंनी त्या पोळ्या तिथेच, तिच्या शेजारी बसून खाल्ल्या होत्या. बापू माझ्या शेजारी, ट्रॉलीच्या काठाला धरून. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या. बापू हळूच म्हणाले, एवढं हळू की मलाच ऐकू यावं.

“पंधरा तठे गया व्हय?”

मी समोरून येणाऱ्या गाड्या मोजायला लागलो.

“इंजिन सोताथीन चुकनं ना, त्याना आवाज येगळा ऱ्हास. कोनी हात लाईसन चुकाडं त्याना येगळा. माले कयस.”

“बाईसले बी कयनं,” मी म्हणालो. बाईंनाही कळलं होतं, हे निदान खरं होतं.

“कयनंच. नई कयतं तं पडती ती.”

मग मीच विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला घरी जाता येणार नव्हतं. “मंग ती माईकवर बोलनी काब्र नई? सगळासमोर सांगी देती.”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, विहिरीवर पाहिलं होतं तसंच.

“तुन्हं गानं बाकी व्हतं ना,” ते म्हणाले.